शून्य ते सात: स्विचच्या लॉगची गाळणी आली कुठून

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या एखाद्या ऑफिसात शिफ्ट बदलली की मजल्यावरचे लॅपटॉप केबलवरून निघतात, दुसरे लागतात. सिस्कोच्या स्विचवर, म्हणजे या सगळ्या केबली जिथे येतात त्या डब्यावर, एक केबल काढून परत लावली की साधारण चार संदेश उमटतात, डाऊनचे दोन आणि अपचे दोन. ४८ पोर्टांचे झाले १९२. आयओएसमध्ये (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टीम, आयफोनची नव्हे) लॉग बफर, म्हणजे संदेश साठवायची स्विचमधली जागा, बहुतेक ठिकाणी मुळात ४०९६ बाइटचा असतो आणि एक संदेश शंभरेक बाइटचा. म्हणजे दहा लॅपटॉप हलले की बफरमधलं आधीचं सगळं गेलं, त्यात रात्री पॉवर सप्लायने केलेली तक्रारही गेली.

यावर पहिला हात जातो तो संदेशाच्या गंभीरतेच्या पातळीकडे, म्हणजे ‘लॉगिंग बफर्ड’ ही कमांड देऊन बफर वॉर्निंगवर आणायचा. आणि नेमकं तिथेच फसायला होतं.

ही पातळी नेटवर्कवाल्यांनी ठरवलेलीच नाही. ती आली सिसलॉग या लॉग पाठवण्याच्या पद्धतीतून. सिसलॉग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीत एरिक ऑलमन यांनी लिहिला, तोही सेंडमेल या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामसाठी. संदेश कुठल्या खात्यातून आला ते सांगणारी ‘फॅसिलिटी’ त्यात होती. कर्नल, मेल, प्रिंटर, न्यूज, यूयूसीपी (युनिक्स यंत्रांमधली जुनी फाइल-देवाणघेवाण) अशी ती खाती. राउटरला त्यात जागा नव्हती. १६ ते २३ हे लोकल-शून्य ते लोकल-सात असे आठ रिकामे कप्पे होते, त्यातला शेवटचा सिस्कोने धरला. खात्याला आठने गुणून पातळी मिळवली की पॅकेटच्या सुरुवातीचा आकडा मिळतो: २३ × ८ + ३ = १८७. पकडलेल्या पॅकेटमध्ये १८७ दिसला तर तो लोकल-सातचा एरर. संदेशाच्या मजकुरात टक्क्याच्या चिन्हानंतर येणारं ‘लिंक’ किंवा ‘बीजीपी’ यालाही सिस्को फॅसिलिटीच म्हणते, पण त्याचा या आकड्याशी काही संबंध नाही. नवशिके इथे हमखास अडखळतात.

पातळ्या आठ: ० इमर्जन्सी, मग अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटिस, इन्फर्मेशनल आणि ७ डीबग. ‘४’ लिहिलं की ० ते ४ राहतात, बाकीचे गळतात. पण संदेशाला आकडा देतो तो कोड लिहिणारा, तुमचं नेटवर्क न पाहता. म्हणून कुणीतरी लॅपटॉप काढला की ‘लिंक-३-अपडाऊन’, आणि बीजीपी नेबर (ज्याच्याशी मार्गांची देवाणघेवाण चालते तो पलीकडचा राउटर) तुटला की ‘बीजीपी-५-एडीजेचेंज’. मधला आकडा म्हणजे पातळी. कॉन्फिगमध्ये कुणी हात घातला, तोही ५ वर. पातळी ४ केली तर निम्मा कचरा तसाच राहतो आणि कामाचं तेवढं गळून जातं.

सगळ्यात साधा उपाय पोर्टवरच आहे. युजरच्या पोर्टांवर ‘नो लॉगिंग इव्हेंट लिंक-स्टेटस’ द्यायचं, अपलिंकला (स्विचला बाकी नेटवर्कशी जोडणाऱ्या पोर्टला) हात लावायचा नाही. त्याहून बारीक गाळायचं तर ‘लॉगिंग डिस्क्रिमिनेटर’. हा आयओएस १२.४(११)टी मध्ये आला. नाव आठ अक्षरांपर्यंत, आणि फॅसिलिटी (टक्क्यानंतरची), निमॉनिक (आकड्यानंतरचं नाव, जसं ‘अपडाऊन’), पातळी किंवा मजकुरावर ‘ड्रॉप्स’ (टाका) किंवा ‘इन्क्लूड्स’ (फक्त हेच ठेवा). नुसता बनवून ठेवला तर काहीच होत नाही. बफर, कन्सोल (स्विचला थेट केबल लावून दिसणारा पडदा), मॉनिटर (दुरून लॉगिन केल्यावर दिसणारा) किंवा होस्ट (लॉग गोळा करणारा सर्व्हर) यांच्या ओळीत त्याचं नाव जोडावं लागतं. निमॉनिक ‘अपडाऊन’ ड्रॉप केलं तर अपलिंकचे संदेशही त्यात जातात, सुक्याबरोबर ओलंही. मजकुरावर जुळवताना ‘गिगाबिटइथरनेट१/०/१’ एवढंच लिहिलं तर १० ते १९ ही पोर्टंही सापडतात. संदेशात पोर्टच्या नावापुढे स्वल्पविराम असतो, तो नमुन्यात घ्यावा. लहान-मोठी अक्षरंही तंतोतंत हवीत.

सिसलॉग कागदावर आला फार उशिरा. ऑगस्ट २००१ च्या आरएफसी ३१६४ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) जे चालू होतं तेच लिहून ठेवलं: १०२४ बाइटची मर्यादा, आणि वेळेत ना वर्ष ना टाइमझोन. मार्च २००९ च्या आरएफसी ५४२४ ने ते सुधारलं, पण उपकरणं अजून बरीचशी जुन्याच वळणाची आहेत. त्यामुळे ‘क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०’ आणि टाइमस्टॅम्पमध्ये वर्ष व मिलिसेकंद हे हाताने घालावं लागतं.

आपल्याकडे वेळेचा हा घोळ आता महाग पडतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायची. म्हणून गाळणी बफर आणि कन्सोलला लावावी. होस्टकडे इन्फर्मेशनलपर्यंत सगळं जाऊ द्यावं आणि अलार्म कशावर वाजवायचा ते तिथल्या आरसिसलॉग या लॉग गोळा करणाऱ्या प्रोग्राममध्ये ठरवावं. स्विचने टाकलेला संदेश नंतर कुठूनच परत मिळत नाही.

कन्सोल तर वॉर्निंगच्या पुढे, म्हणजे ५ ते ७ वर, नेऊच नये. ९६०० बॉडवर (कन्सोल केबलचा नेहमीचा वेग) सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं, म्हणजे नऊ-दहा संदेश. डीबगचा लोंढा आला की बॉक्स त्यातच अडकून पडतो. होस्टकडचा रस्ता यूडीपी ५१४ चा, म्हणजे पोचपावती न घेता पाठवण्याच्या पद्धतीचा, तिथे हरवलेलं पॅकेट कुणी परत मागत नाही. प्रत्येक संदेशाला क्रमांक देणारं ‘सर्व्हिस सीक्वेन्स-नंबर्स’ चालू असेल तर मधला आकडा गायब झालेला निदान दिसतो. आणि अपलिंकच पडली, तर तिच्या पडण्याचा संदेश सापडतो तो फक्त स्विचच्या बफरमध्ये, लॅपटॉपवाल्यांनी तो अजून पुसला नसेल तर.