अ‍ॅलर्जी आणि सेन्सिटिव्हिटी यातला फरक

एखादा पदार्थ खाल्ला की त्रास होतो, म्हणून आपल्याकडं सरळ अ‍ॅलर्जी म्हणून मोकळं होतात, पण त्यातला बराचसा त्रास नुसतं न मानवण्याचा, म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा असतो. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती साध्या पदार्थातल्या प्रोटीनलाच शत्रू समजते, आयजीई नावाच्या अँटिबॉडीज (शत्रूशी लढणारी प्रोटीन) तयार होतात आणि प्रतिकारशक्तीच्याच मास्ट पेशींमधून हिस्टामीन नावाचं रसायन बाहेर पडतं. सेन्सिटिव्हिटीत हा हल्ला नसतो.

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध घ्या. एकाला ग्लासभर प्यायल्यावर तासा-दोन तासानं पोट गुडगुडतं, गॅस होतो, जुलाब लागतात, कारण लॅक्टेज एन्झाइम कमी असल्यानं दुधातली साखर पचत नाही आणि मोठ्या आतड्यात ती आंबते. ह्याला अर्धा कप दूध किंवा वाटीभर दही बहुतेकदा चालून जातं. दुसऱ्याला दुधातल्या केसीन या प्रोटीनची अ‍ॅलर्जी असेल तर दोन घोटांतच, काही मिनिटांत, ओठ सुजतात, अंगावर गांध्या उठतात, उलटी होते, दम लागतो, आणि त्याला दही, ताक, बासुंदी सगळंच बंद, म्हशीऐवजी गाईचं घेतलं तरी सहसा तेच, कारण प्रोटीन जवळपास सारखीच.

मिसळीच्या कटानं नाक वाहतं, डोळ्यांत पाणी येतं ती अ‍ॅलर्जी नव्हे, मिरचीतलं कॅप्सेसिन नसांना चेतवतं एवढंच. पण शेंगदाण्याची किंवा काजूची अ‍ॅलर्जी असलेल्याला पांढऱ्या रश्श्यातली काजूची पेस्ट, दाण्याचं कूट लागलेला डावसुद्धा महागात पडू शकतो. म्हणून "घ्या की वाईच, काय हुतंय" हा आपला आग्रह इथं खरंच आवरायला पाहिजे. गेल्या वेळी नुसती खाज सुटली म्हणून ह्यावेळीही तेवढ्यावरच भागेल, याची खात्री नसते.

श्वास अडकला, घसा आवळला, चक्कर आली तर ते अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारा झटका, त्यावर आमसूल चोळून किंवा खाजेची गोळी देऊन थांबायचं नाही, मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, लगेच १०८ ला फोन करायचा.

गव्हाचा सीलियाक आजार या दोन्हींत बसत नाही, तो ऑटोइम्यून आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते.

निदान करताना डॉक्टर आधी काय खाल्लं, किती वेळानं काय झालं हे विचारतात, मग स्किन प्रिक टेस्ट (कातडीवर हलकं टोचून बघणं) किंवा आयजीईची रक्ततपासणी. आयजीजी या वेगळ्या अँटिबॉडीच्या महागड्या फूड टेस्टनं मात्र यातलं काहीच ठरत नाही.