उरलेल्या कोंबडीचं सार: सीमाभागातली पार्श्वभूमी

काल रात्रीच्या सुक्क्यातली हाडं आज पातेल्यात घालून सूप करायचं, ही बेळगाव-खानापूर-निपाणीकडची रीत वाटते तितकी जुनी नाही. पूर्वी कोंबडं कापलं जाई ते पाहुणा आला किंवा नवस फेडायचा असला तर. जवारी, म्हणजे गावठी, कोंबडी एक, खाणारी दहा-बारा. रश्श्यात भाकरी कुस्करून सगळी जेवायची. उरणार काय? उरलाच तर रस्सा चुलीवर पुन्हा उकळून ठेवायचा आणि सकाळी भाकरीबरोबर संपवायचा. शिवाय शिळं आणि उष्टं यांत आपल्या घरांनी नेहमी फरक केला. ताटातली हाडं कुणी परत शिजवत नाही. इथे गोष्ट पातेल्यात राहिलेल्याची आहे.

खरा गुंता नावाचा. मराठीत सूप म्हणजे धान्य पाखडायचं. संस्कृतात सूप म्हणजे डाळीचं कालवण, म्हणून स्वयंपाक्याला सूपकार म्हणत. आजचं सूप इंग्रजीतून आलं. ते या दोघांवरून आलेलं नाही. घरातला जवळचा शब्द अळणी. अर्थ बिनमिठाचं, पण अळणीत मीठ असतंच, नसतं ते तिखट. कोंबडी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवायची आणि चटणी, म्हणजे तिखट मसाला, पडायच्या आधी वाटीभर पाणी बाजूला काढायचं, लहान पोरांना, तापातून उठलेल्याला. म्हणजे अळणी मसाल्याच्या आधी निघते आणि उरलेल्याचं सूप मसाल्यानंतर. म्हणूनच जाणत्या बायका या दुसऱ्या पाण्याला अळणी म्हणू देत नाहीत, आणि त्यांचंच बरोबर आहे. शेजारच्या कन्नड घरात कोळी सारू असतं. आपला कोळी मासे धरतो, त्यांच्याकडे कोळी म्हणजे कोंबडी. पण ते मसाल्याचं कालवण, हेही आपलं सूप नव्हे. तरी सारू आणि सार हे शब्द इथल्या दोन्ही चुलींवर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सार आमसुलाचं, कटाचं; कोंबडीला तो शब्द लावला की काहींना खटकतं. मला मात्र या पातळ, पोटाला शांत करणाऱ्या पदार्थाला सार हेच नाव शोभतं असं वाटतं.

रीत पडली ती फ्रिज आणि ब्रॉयलर घरोघरी आल्यावर. रविवारी किलो-दीड किलो आणायचं, चार माणसांत संपत नाही. पण ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा पक्षी. कोवळ्या हाडांचं पाणी पातळच राहतं. वर्षभर अंगणात फिरलेल्या जवारी कोंबडीची हाडं मंद आचेवर तीन तास ठेवली तर सांध्यांतलं, कातडीतलं कोलॅजन हे चिकट प्रथिन पाण्यात उतरतं आणि थंड झाल्यावर ते खरवसासारखं थरथरतं. कुकरनं वेळ वाचवला. तीन तासांचं काम पाऊण तासावर आलं.

उरलेल्या सुक्क्याचा मसाला धुवायचा की ठेवायचा, यावर घराघरात दोन मतं. संकेश्वरी मिरचीची चटणी असेल तर धुतलेलीच बरी, नाहीतर तिखटापुढे दुसरी चवच लागत नाही. ब्याडगी असेल तर राहू द्यावी. रंग येतो, जीभ भाजत नाही. मांस सोडवून बाजूला ठेवायचं, हाडांना कांदा, आलं, मिरी घालून उकळायचं, गाळायचं, मग मांस परत टाकून मूठभर भात घालायचा. मांस सुरुवातीपासून उकळलं तर चोथा होतो. लिंबू गॅस बंद केल्यावर.

एक गोष्ट चुलीच्या काळापेक्षा आता जास्त सांगावी लागते. शिजवलेली कोंबडी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे, तीन-चार दिवसांत संपली पाहिजे, आणि दर वेळी खळखळून उकळली पाहिजे. आजीचं पुन्हा पुन्हा उकळणं हेच करत होतं.

पंजे आणि माना दुकानात स्वस्त मिळतात. उरलेल्या हाडांत चार पंजे टाकले की ब्रॉयलरचं सारही ओठांना चिकटण्याइतकं दाट होतं.