ताऱ्यांचा जन्म आणि चुंबकीय क्षेत्राचा वाद

वायूचा मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतो आणि त्यातून तारा घडतो, ही कल्पना अठराव्या शतकातली. एकोणिसाव्या शतकात सूर्याच्या वयावरून भौतिकशास्त्र आणि भूशास्त्र यांची चांगलीच जुंपली. नुसत्या आकुंचनातून उष्णता मिळत असेल तर सूर्य जेमतेम काही कोटी वर्षं तळपेल, असा हिशेब होता. खडकांच्या थरांना तो काळ अजिबात पुरत नव्हता. खडकांचं म्हणणं खरं ठरलं. हायड्रोजनपासून हेलियम बनताना ऊर्जा कशी मिळते, हे १९३९ पर्यंत तपशिलात उलगडलं.

ज्यातून तारे जन्मतात ते ढग मात्र तेव्हाही हाती लागलेले नव्हते. उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी, दाट धूळ, आणि रेणूरूपातला हायड्रोजन, जो एवढ्या थंडीत जवळपास काहीच प्रारण (प्रकाश किंवा रेडिओ लहरी) सोडत नाही. मदतीला आला कार्बन मोनॉक्साइड. हायड्रोजनच्या सुमारे दहा हजार रेणूंमागे त्याचा एखादाच, पण तो २.६ मिलिमीटर तरंगलांबीवर ठळकपणे उमटतो. १९७० मध्ये मृगातल्या तेजोमेघाच्या दिशेने तो टिपला गेला आणि ढगांचे नकाशे तयार होऊ लागले.

खरा पेच तिथून सुरू झाला. आपल्या आकाशगंगेतल्या अशा ढगांचं वस्तुमान भरतं सुमारे १०० कोटी सूर्यांइतकं. सगळे बिनविरोध कोसळले, तर दरवर्षी शेकडो सूर्यांइतके तारे जन्मायला हवेत. प्रत्यक्षात जन्मतात एक-दोन सूर्यांइतके. मग ढगांना आवरतं कोण?

१९८० च्या दशकात चुंबकीय क्षेत्राचं पारडं जड होतं. वैश्विक किरणांमुळे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांमुळे, ढगातले थोडे कण विद्युतभारित होतात, क्षेत्र त्यांना धरून ठेवतं आणि त्यांच्याशी टकरा होत राहिल्याने उरलेला वायूही अडतो. पुढे संगणकावरच्या प्रतिरूपांनी ढगांतल्या खळबळीला पुढे आणलं. तिथला वायू ध्वनीपेक्षा जास्त वेगाने घुसळतो, हे निरीक्षणांतून आधीच दिसलेलं होतं. दाट गाभ्यांमधलं क्षेत्र मोजलं, तेव्हा बहुतेक ठिकाणी ते एकट्याने कोसळणं थोपवण्याइतकं प्रबळ निघालं नाही. नवे तारे आपल्या प्रारणाने उरलेला ढग उधळून लावतात, हेही कारण पुढे आलं.

तरीही क्षेत्राला बाजूला सारण्याची घाई झाली, असंच म्हणावं लागेल. १४ मे २००९ रोजी एकाच रॉकेटने दोन अवकाश दुर्बिणी गेल्या. एकीने ढगांमध्ये सर्वत्र धाग्यांसारखी रचना दाखवली. दुसरीच्या नकाशांत विरळ धागे क्षेत्राला समांतर आणि दाट धागे बहुधा आडवे दिसले. क्षेत्र दुबळं असतं, तर अशी शिस्त दिसायचं कारण नव्हतं.

२०१४ मध्ये वृषभ राशीतल्या, १० लाख वर्षांहूनही कोवळ्या मानल्या जाणाऱ्या एका ताऱ्याभोवती कडी आणि फटी असलेली वायू-धुळीची फिरती तबकडी स्पष्ट दिसली, आणि वाद पुन्हा पेटला. क्षेत्र वायूला घट्ट बांधून असेल, तर ते त्याचं फिरणं रोखतं आणि गणितात तबकडी बनतच नाही. ही पकड किती सुटते, ते विद्युतभारित कणांच्या संख्येवर ठरतं. ती संख्या धूलिकणांच्या आकारावर आणि त्यांच्या पृष्ठभागावरच्या रसायनावर अवलंबून. ते आकडे मिळवण्यासाठी आज प्रयोगशाळांत धूलिकणांच्या जागी घेतलेल्या अतिशीत पृष्ठभागांवर बर्फाचे थर देऊन मोजमापं चालू आहेत.