शेतकरी अपघात अनुदान आणि विमा : दावा कशाने बसतो, कशाने अडतो

श्रावणातली गोष्ट. शेजारच्या मळ्यातल्या काकी वैरणीला गेल्या होत्या. बांधावरच्या गवतात हात घातला आणि काहीतरी चावलं. काय ते दिसलं नाही. घरी आल्या, हात धुतला, चहा घेतला. तासाभरात पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं. गाडी मिळून तालुक्याच्या रस्त्याला लागेपर्यंत श्वास थांबला. बरोबरच्या माणसांनी गाडी अर्ध्या वाटेवरून मागे फिरवली आणि दिवस मावळायच्या आत अग्नी दिला. कुणाचं काही चुकलं असं त्या वेळी कुणालाच वाटलं नाही.

दहाव्यानंतर अनुदानाचा विषय निघाला तेव्हा घरात कागद एकच होता, ग्रामपंचायतीचा मृत्यू दाखला. आणि मृत्यू दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं. नाव, तारीख, ठिकाण, बस. साप कुठेच नव्हता.

गावातल्या लोकांचे असे अर्ज मी बरीच वर्षं भरून देतोय. सांगली जिल्ह्यात काय, साताऱ्यात काय, अर्ज अडतात ते बहुतेक याच जागी. माणूस गेला याचे पैसे मिळत नाहीत, तो कशाने गेला याचे मिळतात. ते ‘कशाने’ पहिल्या दिवशी कुणीतरी कुठल्यातरी कागदावर लिहिलेलं असावं लागतं.

योजना कोणती, आणि पात्र कोण

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने ती या रूपात आली. त्याआधी हीच गोष्ट विमा योजना म्हणून चालायची. हप्ता सरकार भरायचं आणि दावा विमा कंपनीकडे जायचा. कंपन्या त्रुटी काढून प्रस्ताव परत पाठवायच्या, म्हणून मधली कंपनीच काढून टाकली. आता निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते. लोकांच्या तोंडी मात्र अजून ‘शेतकरी विमा’च आहे, आणि ‘आम्ही तर हप्ता भरला नव्हता’ म्हणून काही जण अर्जच करत नाहीत. हप्ता नाही, नावनोंदणी नाही. सात-बारा हाच तुमचा विमा.

सात-बारावर नाव असलेला खातेदार पात्र. शिवाय नाव नसलेला घरातला एक जण : आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी कुणीही एक. म्हणजे एका घरात दोघं. वय १० ते ७५ वर्षं.

इथे एक मेख आहे. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, सात-बारावर अजून त्यांचंच नाव, वारस नोंद ‘भावाभावांत बसून करू’ म्हणत राहिलेली, आणि अपघात झाला नातवाला. वरच्या यादीत नातू नाही. वारस नोंद वेळेत झाली असती तर बाप खातेदार असता आणि पोरगा ‘खातेदाराचा मुलगा’ म्हणून बसला असता. आपल्याकडे अशी घरं वाडी-वाडीला आहेत.

वयाचंही असंच. म्हाताऱ्या माणसांच्या आधार कार्डावर जन्मतारीख सरसकट १ जानेवारी, आणि सालही अंदाजे टाकलेलं. वय ७५ च्या काठावर असेल तर शाळेचा दाखला शोधा.

मृत्यू झाला तर २ लाख. दोन डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा आणि एक अवयव निकामी झाला तरी २ लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख.

काय ‘अपघात’ आणि काय नाही

रस्ता किंवा रेल्वे अपघात, पाण्यात बुडणं, विजेचा धक्का, वीज पडणं, सर्पदंश, विंचूदंश, उंचावरून पडणं, जनावराच्या हल्ल्यात किंवा चावण्याने मृत्यू, औषध हाताळताना झालेली विषबाधा, खून, दंगल, नक्षलवाद्यांचा हल्ला. बाळंतपणातला मृत्यूही यात येतो, हे फार कमी घरांना माहीत असतं.

नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, मुद्दाम करून घेतलेली इजा, दारूच्या अमलाखाली झालेला अपघात, गुन्हा करताना झालेला अपघात, आधीपासूनचं अपंगत्व, शरीरातला अंतर्गत रक्तस्राव आणि ज्याला पैसे मिळणार त्या जवळच्या लाभधारकानेच केलेला खून, हे बाहेर. रानात खुरपताना छातीत कळ येऊन माणूस गेला, तर तो रानात गेला म्हणून अपघात ठरत नाही.

गोंधळ होतो तो मधल्या पट्ट्यात. तासगाव, पलूसकडच्या द्राक्षबागा घ्या. ऐन हंगामात फवारणीवर फवारणी चाललेली. ब्लोअर बंद पडला, नोझल तोंडाने फुंकून साफ केलं, संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात पुतण्या सांगतो, ‘औषध पोटात गेलंय.’ डॉक्टर तेच लिहितात. पुढे पोलीस, तहसील, सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न : गेलं, की घेतलं? म्हणून दवाखान्यात हिस्टरी सांगताना पूर्ण वाक्य सांगा. बागेत फवारणी करताना, अमुक वाजता, अमुक औषध. बाटली किंवा डबा बरोबर न्या. डॉक्टरांना उपचारासाठी तो लागतोच. खोटं अजिबात सांगू नका, पण खरं अर्धवटही सांगू नका.

विजेचं तसंच. रात्रीच्या लाईटला पाणी पाजायला गेलेला माणूस स्टार्टरच्या पेटीजवळ पडलेला सापडतो. घाबरलेला भाऊ दवाखान्यात म्हणतो, ‘चक्कर येऊन पडला.’ हे तीन शब्द मी एका केसपेपरवर स्वतः पाहिलेत. ते पुसायला पुढे शवविच्छेदनातली भाजल्याची खूण, पंचनाम्यातली उघडी वायर आणि विद्युत निरीक्षकांचा अहवाल एवढं सगळं लागलं. विजेच्या अपघातात महावितरणच्या कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा आणि निरीक्षक येऊन जाईपर्यंत पेटी, वायर जागची हलवू नका.

पहिल्या दिवशीचे कागद

गावात मृत्यू झाला तर पोलीस पाटलांना सांगा आणि त्यांच्यामार्फत ठाण्यात खबर द्या. तिथे अकस्मात मृत्यूची नोंद होते. पूर्वी ही चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. मग मृतदेहाचा पंचनामा, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन. ‘चिरफाड नको’ ही भावना समजते. पण या नोंदीशिवाय पुढचं कुठलंच दार नीट उघडत नाही.

काकींच्या प्रकरणात एक वाट शिल्लक होती. सर्पदंशात उपचाराआधीच मृत्यू होऊन शवविच्छेदन राहिलं असेल, तर त्या अहवालातून सूट आहे, मात्र वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळवणं किती अवघड, हे त्यांच्या मुलाला विचारा. ज्या डॉक्टरने पेशंट पाहिलाच नाही, तो कशाच्या जोरावर लिहिणार? गाडी अर्ध्या वाटेवरून न फिरवता सरकारी दवाखान्यापर्यंत नेली असती तर हा प्रश्नच उभा राहिला नसता. शिराळ्यासारख्या सापांच्या मुलखात तरी हे घरोघरी माहीत असायला हवं.

मिरजेच्या सिव्हिलमध्ये किंवा कराडला मृत्यू झाला तर आणखी दोन गोष्टी. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. म्हणजे अपघात जतमध्ये आणि मृत्यू मिरजेत, तर दाखला महापालिकेचा. गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. नोंद २१ दिवसांच्या आत. आणि पोलिसांचे कागद दवाखान्याजवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, सुरू होऊन तुमच्या ठाण्याकडे वर्ग होतात. ते आले का, याचा पाठपुरावा आपणच करायचा. मधे दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि अर्जाची मुदत आहे ३० दिवस.

नदीत वाहून गेलेला माणूस सापडलाच नाही, तर प्रतिज्ञापत्र आणि क्षतिपूर्ती बंधपत्र, म्हणजे भरपाईची लेखी हमी, द्यावी लागते. कृष्णा-वारणेच्या काठावरच्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. कुत्रं चावून मृत्यू झाला असेल तर रेबीजच्या उपचारांचे सगळे कागद जपा, इंजेक्शनचं कार्डसुद्धा.

अर्ज

अपघातापासून ३० दिवसांत, तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. विहित नमुन्यातला अर्ज, सात-बारा, मृत्यू दाखला, वयाचा पुरावा, तलाठ्याकडची गाव नमुना ६-क ची वारस नोंद, प्रथम खबर किंवा पंचनामा किंवा पोलीस पाटलांचा अहवाल, शवविच्छेदन अहवाल आणि पासबुकाची झेरॉक्स. मयत स्वतः गाडी चालवत असेल तर लायसन्स. अपंगत्व असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांकडचं प्रमाणपत्र. विषबाधेत व्हिसेराचा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा, रासायनिक अहवाल लागतो आणि तो प्रयोगशाळेतून यायला महिने लागतात. त्यासाठी अर्ज थांबवू नका. आहे ते जोडा, ‘व्हिसेरा अहवाल प्रलंबित’ असं अर्जात लिहा आणि पोच घ्या. शिक्का, तारीख आणि सही असलेली पोच. ‘ठेवून जा, बघतो’ ही पोच नव्हे.

त्यानंतर महसूल, पोलीस आणि कृषी विभागाचं पथक घटनेची पाहणी करून ८ दिवसांत तहसीलदारांना अहवाल देतं आणि समिती ३० दिवसांत निर्णय घेते, असं शासन निर्णय म्हणतो. प्रत्यक्षात निधी कधी येतो यावर बरंच असतं. पैसे वारसाच्या खात्यावर जमा होतात. क्रम ठरलेला आहे : आधी पत्नी किंवा पती, मग अविवाहित मुलगी, मग आई, मग मुलगा. मुलीचं आणि आईचं नाव मुलाच्या आधी आहे, हे वाचून काही घरांत आवाज चढलेले मी ऐकलेत. चढू देत.

शासनाच्या दुसऱ्या विभागाच्या अशाच योजनेतून लाभ घेतला असेल तर इथे अपात्र ठरता. म्हणून दोन विभागांत अर्ज टाकण्याआधी कुठे जास्त मिळतंय ते बघा.

पासबुकातले २० रुपये

घरातलं प्रत्येक पासबुक छापून आणा. मे-जूनच्या आसपास २० रुपयांची वजावट दिसली तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख, वर्ष १ जून ते ३१ मे. त्या दिवशी खात्यात शिल्लक नव्हती म्हणून हप्ता कटला नाही, आणि घरचे मात्र ‘आमचा विमा आहे’ या समजुतीत, असं अनेकदा होतं. ४३६ रुपये कटलेले असतील तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. त्यात कारण कुठलंही चालतं. म्हणजे मघाच्या छातीत कळ येऊन गेलेल्या माणसाचे २ लाख इथे आहेत. पण नाव नोंदवायचं वय १८ ते ५०, आणि नव्याने नाव घातल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून दुसऱ्या कारणाने मृत्यू झाला तर काही मिळत नाही.

दावा शाखेतच द्यायचा, शक्यतो ३० दिवसांत. सुरक्षा विम्याच्या नियमांत एक ओळ आहे : सर्पदंश, झाडावरून पडणं अशा घटनांत दवाखान्याच्या तत्काळ नोंदीचा आधार असावा. पुन्हा तीच गाडी, तोच अर्धा रस्ता.

रस्त्यावरचा अपघात

इथे दावा वेगळ्या न्यायाधिकरणापुढे चालतो आणि त्यासाठी वकील लागतोच, म्हणून थोडक्यात. समोरच्या गाडीची चूक असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज, अपघातापासून ६ महिन्यांत. चूक सिद्ध करायच्या भानगडीत पडायचं नसेल तर कलम १६४ : मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. अपघात खंबाटकी घाटात झाला आणि घर विट्याला असलं, तरी अर्ज आपल्या राहत्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो. साताऱ्याच्या खेपा घालायची गरज नाही.

गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. स्वतःचीच मोटारसायकल घसरली असेल तर पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा घेतलाय का, ते पाहा. तो मालकाला आहे, मागे बसलेल्याला नाही, आणि लायसन्स हवंच.

उसाच्या हंगामात वाळवा, कराड भागात रात्री ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, पाठीमागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. धडक बहुतेक वेळा ट्रॉलीला बसते. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते, म्हणून पंचनाम्यात ट्रॅक्टरचा आणि दोन्ही ट्रॉल्यांचा नंबर आला पाहिजे. ट्रॉलीवर नंबरच नसेल तर ‘नंबर नाही’ हे तरी लिहून घ्या, आणि जागेवरून गाडी हलायच्या आत मोबाईलवर फोटो काढा. सकाळी तिथे उसाच्या चार कांड्यांशिवाय काही उरत नाही.

काकींचा अर्ज नामंजूर झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अपील टाकलंय. सोबत पोलीस पाटलांचा अहवाल, गाडीवाल्याचा जबाब आणि आरोग्य केंद्रातून तीन खेपांनंतर मिळालेलं एक पत्र जोडलंय. त्यात लिहिलंय, ‘नातेवाइकांच्या सांगण्यानुसार सर्पदंश.’

‘सांगण्यानुसार’ या शब्दावर पुढची तारीख पडलीय.