डॉइचे वेले आणि डॉइचलांडफुंक: एका कायद्यातील दोन नभोवाणी संस्था

जर्मनीविषयीच्या बातम्यांत ‘डॉइचे वेले’ आणि ‘डॉइचलांडफुंक’ ही नावे वाचली की दोन्ही एकाच सरकारी नभोवाणीच्या शाखा असाव्यात, असा समज सहज होतो. या समजाला थोडा आधारही आहे, कारण २९ नोव्हेंबर १९६० च्या एकाच कायद्याने दोघींना पश्चिम जर्मनीच्या केंद्रीय संस्थांचा दर्जा मिळाला आणि पुढे दोघींची मुख्यालये कोलोन शहरात शेजारी शेजारी होती. फरक श्रोत्यांचा होता, आणि पैसा व मालकी यांतले आजचे भेद त्यातूनच आले.

नाझी राजवटीत देशभरची नभोवाणी गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाच्या मुठीत होती. त्यामुळे १९४५ नंतर पाश्चात्त्य विजेत्यांनी आपापल्या विभागांत सरकारपासून अंतर राखणारी प्रादेशिक केंद्रे उभारली, आणि १९५० मध्ये ती ‘एआरडी’ या संघात एकत्र आली. चॅन्सेलर आडेनाउअर यांनी केंद्राच्या पुढाकाराने दूरचित्रवाणी कंपनी काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा घटना न्यायालयाने २८ फेब्रुवारी १९६१ रोजी तो घटनाबाह्य ठरवला: प्रसारण हा राज्यांचा विषय आहे.

परराष्ट्र व्यवहार मात्र केंद्राकडेच होते. म्हणून परदेशातील श्रोत्यांसाठी असलेल्या डॉइचे वेलेबाबत फारसा पेच नव्हता. ३ मे १९५३ रोजी अध्यक्ष थिओडोर हॉइस यांच्या संदेशाने तिचे लघुलहरींवरील प्रसारण सुरू झाले. आधी फक्त जर्मन, पुढच्या वर्षीपासून इतर भाषा, आणि १५ ऑगस्ट १९६४ पासून हिंदी. बेथोवनच्या ‘फिडेलिओ’तील तिची परिचयधून भारतात रात्री रेडिओचा काटा फिरवणाऱ्यांच्याही ओळखीची होती, आणि प्रसारण ऐकल्याचा अहवाल पत्राने पाठवला की डॉइचे वेलेकडून पोचकार्ड येत असे.

डॉइचलांडफुंकचे प्रकरण अधिक अवघड, आणि मला अधिक रंजक वाटणारे. बर्लिनची भिंत उभी राहून पाचच महिने होत होते, तेव्हा १ जानेवारी १९६२ रोजी ते सुरू झाले. त्याचा एक मोठा श्रोतृवर्ग पूर्व जर्मनीत होता. पण पूर्व जर्मनीला परदेश मानायला बॉनमधील पश्चिम जर्मन सरकार तयारच नव्हते. मग देशांतर्गत प्रसारणाचा अधिकार नसलेल्या केंद्राने या श्रोत्यांशी कोणत्या नात्याने बोलायचे? कायद्याने ‘जर्मनी आणि युरोपीय परदेश’ असे दोन्ही एकाच संस्थेच्या कामात घालून वाट काढली. पाश्चात्त्य वृत्तपत्रे सीमेवरच अडवली जात, पण जमिनीलगत शेकडो किलोमीटर जाणाऱ्या दीर्घलहरींना भिंत आडवी येत नव्हती. डोनेबाख येथील १५३ किलोहर्ट्झचे प्रक्षेपण केंद्र २०१४ च्या अखेरीपर्यंत चालू होते. (पूर्व जर्मनीचे ‘डॉइचलांडझेंडर’ हे नावाने जवळचे, पण पूर्णपणे विरोधी छावणीतले केंद्र होते.)

१९९० मध्ये जर्मनी एक झाली आणि या कायदेशीर कसरतीचा पायाच नाहीसा झाला. पूर्वेकडचे श्रोते आता निर्विवाद देशांतर्गत होते, म्हणून डॉइचलांडफुंक केंद्राकडून काढून राज्यांकडे द्यावे लागले. १ जानेवारी १९९४ रोजी ते, पश्चिम बर्लिनमधील अमेरिकन छत्राखालचे ‘रिआस’ आणि पूर्व बर्लिनचे ‘डीएस कुल्टुअर’ ही केंद्रे मिळून ‘डॉइचलांडराडिओ’ ही संस्था झाली. डॉइचलांडफुंकचे युरोपीय भाषांतील कार्यक्रम त्याआधीच डॉइचे वेलेकडे गेले होते. रिआसची वाटणी तर गमतीशीर आहे: दूरचित्रवाणी विभाग १९९२ मध्ये डॉइचे वेलेला मिळाला, नभोवाणी डॉइचलांडराडिओला. पूर्व जर्मनीच्या ‘रेडिओ बर्लिन इंटरनॅशनल’ या परदेशी सेवेची प्रक्षेपणयंत्रणाही डॉइचे वेलेच्याच वाट्याला आली.

डॉइचे वेले २००३ मध्ये बॉनला गेली आणि आजही केंद्राच्या करातून चालते. डॉइचलांडफुंक कोलोनमध्येच राहिले असून त्याचा खर्च जर्मन घराघरांतून गोळा होणाऱ्या प्रसारण शुल्कातून भागतो. त्यामुळे केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पात कपात झाली, तर तिची झळ डॉइचे वेलेला थेट बसते. डॉइचलांडफुंकच्या पैशाचा वाद मात्र सोळा राज्यांच्या विधानसभांपुढे येतो.