चामडी हँडबॅगांचे घरगुती पुनरुज्जीवन

जुन्या बाजारातून विकत घेतलेली किंवा घरातल्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेली चामडी हँडबॅग घरच्या घरी स्वच्छ करून, तिचा कोरडेपणा, बुरशी, डाग आणि उडालेला रंग यांवर उपाय करून ती पुन्हा वापरात आणण्याची पद्धत. जोड्यांना पॉलिश आणि खोगिराला तेल देण्याची रीत जुनीच आहे. हँडबॅगांच्या बाबतीत मात्र या कामाला छंदाचे रूप आले ते मुख्यतः वापरलेल्या वस्तूंची ऑनलाइन खरेदीविक्री वाढल्यानंतर. या कामात बॅग बिघडते ती क्वचितच दुर्लक्षामुळे. पाणी, तेल आणि उष्णता यांचा अतिरेक हेच बिघाडाचे नेहमीचे कारण असते. त्यामुळे हातातली बॅग कोणत्या चामड्याची आहे आणि त्या चामड्यावर कसला थर आहे, हे ओळखणे हा कामाचा निम्मा भाग मानावा लागतो.

कातडे कमावले की त्याचे चामडे होते. कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू कमावताना टॅनिन या वनस्पतींतील तुरट द्रव्याशी किंवा धातूच्या क्षारांशी बांधले जातात, त्यामुळे ते कुजत नाहीत आणि वाळल्यावर कडक पत्र्यासारखे होत नाहीत. भारतात यासाठी हिरडा, बाभळीची साल, तरवडाची साल यांचा वापर पूर्वापार होत आला. कोल्हापुरी चपलेचे चामडेही याच पद्धतीचे. (ब्रिटिश काळातील चर्मोद्योगाच्या बाजारपेठेत हिरड्याच्या एका प्रतीला वेंगुर्ल्याचेच नाव होते.) क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात विकसित झाली, ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले आणि पुढे जगातील बहुतांश चामडे याच पद्धतीने कमावले जाऊ लागले. बॅग दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींतला फरक महत्त्वाचा आहे. वनस्पतिज टॅनिनने कमावलेले चामडे पाणी चटकन शोषते, ऊन आणि हाताचा स्पर्श यांनी गडद होत जाते, आणि ओले असताना सुमारे ७० ते ८५ अंश सेल्सिअस तापमानाला आक्रसते. क्रोमने कमावलेले चामडे त्याच स्थितीत सुमारे १०० अंशांपर्यंत टिकाव धरते. चामडे आम्लधर्मी असते, त्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साधारण ३.५ ते ५ असतो. कपडे धुण्याच्या साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास असल्यामुळे असा साबण पुन्हापुन्हा लावलेले चामडे हळूहळू कडक होते आणि त्याला भेगा पडतात.

चामड्यावरचा थर ओळखण्यासाठी बॅगेच्या तळाशी किंवा झाकणाच्या आतल्या बाजूस पाण्याचा एक थेंब ठेवून पाहतात. थेंब लगेच मुरला आणि तिथे गडद ठिपका उमटला तर चामडे उघडे आहे, म्हणजे त्याला केवळ मुरणारा रंग दिलेला आहे. थेंब मण्यासारखा तसाच राहिला तर वर रंगद्रव्याचा आणि संरक्षक लेपाचा थर आहे असे समजावे. उघडे चामडे दिसायला देखणे, पण डागांच्या बाबतीत हळवे असते; लेपाचे चामडे पुष्कळ काही सहन करते. रेक्झिन आणि पॉलियुरेथेनचा मुलामा दिलेले कृत्रिम चामडे यांचा या कामाशी संबंध नाही. कापलेल्या कडेला तंतूंऐवजी कापड दिसले, किंवा वरचा थर पापुद्र्यांनी सुटू लागला असला, तर तो मुलामा हवेतल्या दमटपणाने विघटित झालेला असतो आणि कोणतेही क्रीम त्याला पुन्हा चिकटवू शकत नाही. जुन्या बाजारात ‘प्युअर लेदर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅगांची अशी कड आधी पाहावी, भाव नंतर करावा.

या छंदातले सर्वांत परिचित उदाहरण कोच या न्यूयॉर्कच्या कंपनीच्या जुन्या बॅगांचे आहे. मॅनहॅटनमध्ये १९४१ साली सुरू झालेल्या एका छोट्या कार्यशाळेतून ही कंपनी वाढली. बेसबॉलचा हातमोजा वापरावापराने मऊ आणि तुकतुकीत होत जातो, हे पाहून माइल्स कान यांनी त्या धर्तीचे जाड, मऊ चामडे बॅगांसाठी वापरायला घेतले. बॉनी कॅशिन या फॅशनकार १९६२ मध्ये कंपनीत आल्या आणि फिरवून बंद करायचे पितळी कुलूप ही बॅगेची खूण झाली. त्या काळच्या पुष्कळशा बॅगांना अस्तर नाही, पुठ्ठ्याचा आधार नाही, चामड्यावर जाड लेप नाही आणि कड्या-बकले भरीव पितळेची आहेत. पाण्याने फुगेल किंवा सुटेल असे त्यांत फारसे काही नसल्यामुळेच त्या बॅगा चक्क बादलीत बुडवून धुण्याची रीत संग्राहकांमध्ये पडली.

या धुण्यासाठी कोमट पाण्यात सौम्य, उदासीन द्रव साबणाचे थोडे थेंब घालतात. आधी बॅगेतली धूळ झटकून, कोपऱ्यांतला कचरा ब्रशने काढून ती पाण्यात सोडली की चामड्याच्या छिद्रांतून हवेचे बारीक बुडबुडे निघू लागतात आणि थोड्याच वेळात पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस होते. हा रंग सगळाच मळाचा नसतो. चामड्यातला सुटा रंग आणि टॅनिनही त्यात उतरलेले असतात, म्हणून बॅग तासन्‌तास भिजत ठेवणे चुकीचे ठरते. मऊ स्पंजाने सगळीकडे सारखा हात फिरवावा. एकाच डागावर जोर दिल्यास तिथे फिकट चकंदळ उरते. स्वच्छ पाण्यातून काढल्यावर बॅग पिळू नये. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे, आत कोरडे पांढरे टॉवेल भरून मूळ आकार द्यावा, पट्टा सरळ पसरावा आणि पंख्याखाली, सावलीत वाळू द्यावे. छापील वर्तमानपत्र भरल्यास ओल्या फिकट चामड्यावर शाई उतरण्याचा धोका असतो. ओले चामडे ज्या आकारात वाळते तो आकार धरते. घडी पडून मोडलेले झाकण सरळ करण्याची हीच वेळ असते. वाळायला सहसा काही दिवस लागतात. हेअर ड्रायर किंवा ऊन यांनी घाई केली तर पृष्ठभाग आधी आक्रसतो आणि चामडे खरखरीत, ताठ होते. थोडा दमटपणा शिल्लक असताना कंडिशनरचा, म्हणजे चामडे मऊ ठेवणाऱ्या क्रीमचा, पातळ हात दिला की तो एकसारखा मुरतो.

संग्रहालयांतील चामडी वस्तूंची निगा राखणारे तज्ज्ञ अशा बुडवण्याच्या विरोधात असतात, आणि ऐतिहासिक वस्तूंपुरते ते बरोबरच आहे. वापराच्या बॅगेला मात्र तोच निकष लावणे अवाजवी वाटते. तरीही ही कृती अस्तर नसलेल्या, पुठ्ठा नसलेल्या बॅगांपुरतीच ठेवावी. इतर सर्व बॅगांना घट्ट पिळलेल्या ओलसर कापडाने पुसण्यापलीकडे पाणी लावू नये.

मुंबई, कोकण आणि गोवा येथे कपाटातल्या बॅगेचा मुख्य शत्रू पावसाळी बुरशी हा असतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की चामड्यातली चरबी, हाताचा मळ आणि अस्तराचा गोंद यांवर ती वाढते. मात्र बॅगेवरचा प्रत्येक पांढरा थर बुरशीचा नसतो. चामडे कमावताना किंवा नंतर दिलेल्या तेलातील मेदाम्ले थंडीत पृष्ठभागावर येऊन धुरकट, मेणचट साय धरतात. लांबून हेअर ड्रायरची कोमट हवा काही क्षण सोडली की ही साय वितळून दिसेनाशी होते; बुरशी जागची हलत नाही, आणि भिंगातून पाहिल्यास तिचे तंतू दिसतात, शिवाय कुबट वास येतो. मेदाची साय कोरड्या कापडाने पुसली की पुरते. बुरशी असलेली बॅग मात्र घराबाहेर नेऊन, तोंडाला मास्क लावून, आधी कोरडी असतानाच मऊ ब्रशने झाडावी, कारण ओल्या कापडाने सुरुवात केली तर बीजाणू चामड्याच्या छिद्रांत चोळले जातात. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समप्रमाणात मिसळून, न दिसणाऱ्या जागी रंग उतरत नाही याची खात्री करून, जेमतेम ओलसर कापडाने पुसावे. अस्तराचा खिसा बाहेर उलटून तोही असाच साफ करावा. वास बहुधा तिथेच मुरलेला असतो. उरलेल्या वासासाठी उघड्या वाटीत खाण्याचा सोडा किंवा कोळशाची पुरचुंडी ठेवून बॅग पिशवीत काही दिवस बंद करतात. डांबरगोळ्यांनी एक वास जाऊन दुसरा, अधिक चिवट वास येतो.

तेलाबद्दल मराठी घरांत एक ठाम सवय आहे: कोरडे दिसले की खोबरेल. चपलेच्या तळव्याला ते चालूनही जाते, पण हँडबॅगेला नाही. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे थंडीत शिवणीच्या कडेला त्याचे पांढरे कण उभे राहतात. शिवाय ते खवट होते आणि उघड्या चामड्यावर कायमचे गडद डाग पाडते. ऑलिव्ह तेलाचेही तेच. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले नीट्सफूट तेल खोगिराच्या जाड चामड्यासाठी जुने आणि मान्यताप्राप्त असले, तरी फिकट बॅग त्याने काळवंडते. लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ) किंवा मेण असलेले पाण्यात घोटलेले क्रीम नखाएवढे घेऊन, कापडावर पसरवून लावणे आणि तासाभराने वरचे पुसून टाकणे एवढेच पुरेसे असते. लेपाच्या चामड्यात तर कंडिशनर फारसे मुरतच नाही. वर्षातून एकदोनदा यापेक्षा अधिक वेळा ते लावण्याचे कारण नाही.

तेलकट डागावर खडूची पूड किंवा मुलतानी माती रात्रभर दाबून ठेवतात. पाणी लावू नये. बॉलपेनची शाई उघड्या चामड्यावरून काढण्याचा प्रयत्न सोडून द्यावा, कारण अल्कोहोल ती विरघळवून दुप्पट जागेत पसरवते. लेपाच्या चामड्यावर ताजी असेल तर कापूस गुंडाळलेल्या काडीने, बाहेरून आत अशी, ती कमी करता येते. सुएड म्हणजे मऊ लव असलेल्या चामड्याला रबर आणि ब्रश एवढीच साधने.

रंग देण्याचे काम धीराचे आहे. कोपरे, पायपिंग आणि हाताच्या मुठी यांचा रंग आधी जातो. तिथे जुना मेणाचा आणि पॉलिशचा थर उतरवून, पृष्ठभाग किंचित खरखरीत करून, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग स्पंजाने थापटत अगदी पातळ हातांनी चढवतात आणि शेवटी संरक्षक लेप देतात. मूळ छटेशी जुळणी दिवसाच्या उजेडात करावी. ट्यूबलाइटखाली जुळलेला तपकिरी रंग बाहेर नेल्यावर हमखास वेगळा दिसतो. बुटाच्या पॉलिशने कोपरे झाकण्याची युक्ती सोपी आहे, पण ते पॉलिश पुढे साडीला किंवा कुर्त्याला लागते.

भरीव पितळ चिंचेने किंवा लिंबाने उजळते. मात्र आम्ल चामड्यावर उतरू नये म्हणून कडीखाली प्लॅस्टिकचा तुकडा सरकवावा लागतो. मुलामा दिलेल्या धातूवर भांडी घासायची पावडर वापरली की आतला पांढुरका जस्तमिश्र धातू उघडा पडतो. चामड्यातल्या चरबीशी पितळातील तांब्याची अभिक्रिया होऊन रिव्हेटभोवती साचणारा हिरवा, मेणचट कळंक लाकडी दातकोरण्याने खरवडून काढतात. उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुयांनी शिवावी. आरीने नवी भोके पाडल्यास चामडे त्या रेषेवर फाटते. पट्टा पातळ करणे, चेन बदलणे ही कामे रापी, म्हणजे चामडे कापायचे हत्यार, चालवण्याचा हात असलेल्या कारागिराकडेच द्यावीत.

काही बॅगा घरी सुधारण्यापलीकडे गेलेल्या असतात. वनस्पतिज टॅनिनने कमावलेल्या जुन्या चामड्यात प्रदूषित हवेतील गंधकाच्या संयुगांपासून आम्ल तयार होऊन ते लालसर भुकटीसारखे झडू लागते. याला रेड रॉट म्हणतात, आणि तेल लावल्याने ते केवळ अधिक काळे व ठिसूळ होते. संग्रहालयांत अशा चामड्याला हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचे अल्कोहोलमधील द्रावण देऊन भुकटी बांधून ठेवतात, पण त्याने ताकद परत येत नाही. काही जुन्या किमती बॅगांच्या खिशांतला कृत्रिम मुलामा चिकट होऊन सोलतो. तिथे अस्तर बदलणे हाच उपाय. चकचकीत पेटंट लेदरमध्ये शेजारच्या वस्तूचा उतरलेला रंग लेपाच्या आत शिरतो आणि निघत नाही.

साफ झालेली बॅग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नये. मऊ सुती पिशवीत, आत जुन्या मलमलीचे बोळे भरून, पट्टा आत न दुमडता ती कपाटाच्या भिंतीपासून थोडी लांब ठेवतात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात, पण दमट हवेत त्या लवकरच भरतात आणि तापवून वाळवल्या नाहीत तर निरुपयोगी ठरतात. दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून बॅग तासभर पंख्याखाली ठेवणे त्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.