पत्र्यांच्या आत : एलबीएस रस्त्यावरच्या टॉवरांची पार्श्वभूमी

भांडुपहून मुलुंडला जाताना एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) रस्त्यावर एका बंद कारखान्याभोवती पत्रे लागलेत. आत काय उभं राहणार ते पत्र्यांवरच छापलंय : खाली दुकानं, त्यावर पार्किंगचे पोडियम, मग ऑफिसं आणि वर टू-बीएचके. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच प्रश्न पडला, यावर हरकत कुठे घ्यायची? प्रश्न रास्त आहे, फक्त काही वर्षं उशिरा आलाय.

खाली दुकान, वर मकान हे मुंबईला नवं नाही. गिरगाव, काळबादेवी तशीच वसली. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि आखीव रस्त्यांच्या, मोकळ्या हवेच्या वस्त्या दादर-माटुंग्याकडे सरकल्या. उपनगरं मात्र बराच काळ पालिकेच्या हद्दीबाहेर होती. १९५० साली काही आली, मुलुंड आणि दहिसरपर्यंतची १९५७ मध्ये.

शहराचा पहिला विकास आराखडा १९६७ साली मंजूर झाला आणि नकाशावर रंग चढले. निवासी पट्टा पिवळा, उद्योगांचा जांभळा. जुन्या आग्रा रोडचा, म्हणजे आजच्या एलबीएसचा, बराच भाग जांभळा होता. कारखाने रस्त्याला लागून, कामगार विक्रोळीच्या कन्नमवार नगरसारख्या वसाहतींत नाहीतर डोंगराच्या चाळींत. लहानपणी आमच्याकडे घड्याळापेक्षा भोंग्यावर भरवसा जास्त असायचा. सातचा झाला की आई दूध तापवायला ठेवायची. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधायचं ते प्रमाण, हा शब्दही त्याच काळातला. उपनगरांना तो एक होता, म्हणजे जेवढा प्लॉट तेवढंच बांधकाम.

पुढे कारखाने आजारी पडले, काही मुंबईबाहेर गेले. जमीन मात्र जांभळीच राहिली, आणि १९७६ च्या कमाल नागरी जमीन धारणा कायद्यामुळे ती मोकळेपणी विकताही येईना. महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये काढला, पण मोठी वाट त्याआधीच, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने करून दिली होती. तिच्यात दोन दारं होती. एक टीडीआर : आरक्षित जमीन पालिकेला फुकट द्या, बदल्यात बांधकामाचा हक्क कागदावर घ्या आणि दुसरीकडे वापरा. तो कागद शहराकडून उत्तरेला वाहत आला. मजले आमच्याकडे चढले, गटारं आणि रस्ते होते तेवढेच राहिले. दुसरं दार ‘आय टू आर’चं, म्हणजे उद्योगाच्या जमिनीवर निवासी किंवा व्यापारी वापर. त्यासाठी मोठ्या प्लॉटवर सुविधांसाठी काही जागा सोडायची आणि कामगारांची देणी चुकती केल्याबद्दल कामगार आयुक्तांचं ना-हरकत पत्र आणायचं. आज ज्याला ‘मिक्स्ड यूज’ म्हणतात ते या दारातून आलं. नगररचनेच्या विचारापेक्षा त्यामागे बंद कारखान्यांचा हिशेब जास्त होता, असं माझं मत आहे.

कागदावरच्या अटींचं पुढे काय होतं, ते पवईत दिसलं. १९८६ च्या त्रिपक्षीय करारात बिल्डरला नाममात्र दराने जमीन मिळाली होती ती ४० आणि ८० चौरस मीटरच्या घरांसाठी. प्रत्यक्षात उभी राहिली ती पॉश नगरी. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की आधी ती छोटी घरं बांधा.

त्याच वर्षीच्या जानेवारीत आणखी एक पळवाट बुजली. तोवर फ्लॉवरबेड, म्हणजे खिडकीबाहेरची झाडांसाठीची जागा, एफएसआयमध्ये धरत नसत. माझ्या मामेबहिणीच्या फ्लॅटचा फ्लॉवरबेड हॉलच्या लादीबरोबर आणून दिला होता. आज त्यावर वॉशिंग मशीन आहे, आणि त्या जागेचे पैसे तिने पूर्ण दराने भरलेत. नव्या नियमाने फ्लॉवरबेड, बाल्कनी हे सगळं मोजणीत आलं आणि त्याबदली प्रीमियम भरून निवासी बांधकामाला ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरायचा जादा, एफएसआय मिळाला.

मग २०१५ चा आराखडा आला. स्टेशनांच्या आसपास आठपर्यंत एफएसआय, आरेत विकास, आणि नकाशात ढीगभर चुका. हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्तीला परत पाठवला. एवढ्या लोकांनी नकाशा उघडून बघितल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. त्यात एफएसआय रस्त्याच्या रुंदीला बांधला गेला आणि व्यापारी बांधकामाला तो पाचपर्यंत नेण्याची सोय झाली.

आता ग्रुपवरच्या प्रश्नाकडे येतो. हरकती मागवल्या जातात त्या आराखडा करताना किंवा त्यात फेरबदल करताना. पुढची वाट फायलीतली : आयओडी (अटींसह नकाशा मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला), ओसी (राहायला जायचा दाखला). २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून त्याच अधिसूचनेने सूट दिली आहे. बिल्डरांवर नजर ठेवणारं महारेरा प्राधिकरण १ मे २०१७ पासून आहे, तेही घर घेणाऱ्यासाठी. शेजाऱ्याला त्यात खुर्ची नाही. वाचायला मात्र मिळतं. महारेराच्या संकेतस्थळावर नकाशे असतात, आणि पर्यावरण मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो.

गेल्या रविवारी पत्र्यावरून नोंदणी क्रमांक टिपून घेतला आणि घरी नकाशा उघडला. सुविधांसाठी सोडलेला प्लॉट मागच्या कोपऱ्यात, नाल्याला लागून आहे. तिथे जायची वाट शोधली, तर ती टॉवरच्या रॅम्पवरून जाते.